तांबे : धातू, मिश्रधातू आणि परंपरागत उपयोग

मानवाने वापरात आणलेल्या अगदी आरंभीच्या धातूंमध्ये तांब्याची गणना होते. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात नैसर्गिक स्थितीत सापडणाऱ्या तांब्याचे तुकडे ठोकून मणी आणि टोचण्या तयार केल्या जात होत्या. आज हाच धातू विजेच्या तारा, मोटारी आणि संगणक यांचा अविभाज्य भाग आहे. भारतीय घरांत मात्र तो देवघरातील ताम्हनापासून पाणी तापवण्याच्या बंबापर्यंत अनेक रूपांत वावरला. या दीर्घ सहवासातून तांब्याचे गुण जसे समाजाला कळले, तसे त्याचे दोषही कळले. त्यांतील काही परंपरेने ओळखले होते, तर काही विसाव्या शतकातील वैद्यकीय संशोधनाने उघड केले.

गुणधर्म

तांबे हे मूलद्रव्य असून त्याचा अणुक्रमांक २९ आहे. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम असून ते सुमारे १,०८५ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. वर्धनीयता आणि तन्यता हे त्याचे ठळक गुण होत. त्यामुळे तांब्याचे पातळ पत्रे ठोकता येतात आणि केसासारख्या बारीक तारा ओढता येतात. विद्युतवाहकतेत केवळ चांदी तांब्याच्या पुढे आहे. उष्णताही तांब्यातून झपाट्याने पसरते, म्हणूनच बंबातील पाणी थोड्या जळणावर तापते.

लोखंडाप्रमाणे तांबे गंजून झडत नाही. हवेतील प्राणवायूमुळे त्यावर प्रथम तपकिरी-काळसर थर येतो आणि दमट हवेत दीर्घकाळ राहिल्यास हिरवट थर जमतो. हा थर आतील धातूचे रक्षण करतो. १८८६ साली न्यूयॉर्क बंदरात उभारलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा मुळात तांबूस होता. त्याला आलेला हिरवा रंग हा या थराचाच परिणाम आहे.

लॅटिन भाषेत तांब्याला ‘क्युप्रम’ म्हणतात. प्राचीन काळी तांब्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या सायप्रस बेटावरून हे नाव पडले. मराठीत तांबडा, तांबूस हे शब्द तर तांब्यावरून आलेच, पण पाणी पिण्याचे भांडे कोणत्याही धातूचे असले तरी त्याला तांब्या म्हणण्याची रीत पडली. पहाटेला ‘तांबडे फुटते’, गव्हावर पडणाऱ्या रोगाला ‘तांबेरा’ म्हणतात आणि ठोके घातल्यासारखा एकसुरी आवाज काढणाऱ्या पक्ष्याचे नाव ‘तांबट’ आहे.

खनिजे आणि शुद्धीकरण

निसर्गात तांबे शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळते. गंधक आणि लोह यांच्याशी संयुक्त असलेले चाल्कोपायराइट हे त्याचे प्रमुख धातुक होय. हिरवे मॅलाकाइट आणि निळे ॲझुराइट ही त्याची कार्बोनेट खनिजे रंगामुळे सहज ओळखू येतात. प्राचीन काळी तांब्याचा शोध घेणाऱ्यांना या रंगांनीच वाट दाखवली असावी.

भारतातील प्रमुख साठे राजस्थानातील खेत्री, मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड आणि झारखंडमधील सिंहभूम या पट्ट्यांत आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान कॉपर लिमिटेड ही कंपनी १९६७ साली स्थापन झाली. मलांजखंड येथे दीर्घकाळ उघड्या खाणीतून उत्पादन घेण्यात आले आणि नंतर भूमिगत खाणकाम हाती घेण्यात आले. भारतीय धातुकात तांब्याचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एक किलो तांबे मिळवण्यासाठी सुमारे शंभर किलो खडक फोडून दळावा लागतो.

दळलेल्या धातुकापासून फेनतरणाने खनिज वेगळे काढतात आणि ते भट्टीत वितळवतात. या क्रियेत बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड वायू हवेत न सोडता त्यापासून गंधकाम्ल तयार केले जाते. भट्टीतून मिळालेल्या तांब्याचे जाड पत्रे आम्लयुक्त मोरचुदाच्या द्रावणात धनाग्र म्हणून टांगतात. वीज सोडल्यावर धनाग्राचे तांबे विरघळते आणि ऋणाग्रावर ९९.९९ टक्के शुद्धतेचा थर जमतो. तळाशी साचणाऱ्या गाळात सोने व चांदी असते आणि त्यातून प्रक्रियेचा काही खर्च भरून निघतो.

भारतातील प्राचीन तांबे

राजस्थानातील खेत्रीच्या परिसरात गणेश्वर येथील उत्खननात बाणाग्रे आणि इतर ताम्रवस्तू मोठ्या संख्येने मिळाल्या. सिंधू संस्कृतीच्या नगरांना या भागातून तांबे जात असावे, असे मानले जाते. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली ‘नर्तकी’ ही अवघी १०.५ सेंटिमीटर उंचीची मूर्ती त्या काळच्या ओतकामाचा उत्कृष्ट नमुना होय. बालाघाट जिल्ह्यातच गुंगेरिया या गावी १८७० साली ४२४ ताम्रवस्तू आणि १०२ चांदीच्या वस्तूंचा साठा उघडकीस आला होता.

महाराष्ट्रात ताम्रपाषाण युगाचे अवशेष विपुल आहेत. संगमनेर तालुक्यात प्रवरा नदीकाठी असलेल्या जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आणि त्या गावाच्या नावानेच एक संपूर्ण संस्कृती ओळखली जाऊ लागली. जोर्वे संस्कृतीचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० असा मानला जातो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव हे तिचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले स्थळ होय. या लोकांकडे तांबे बेताचेच होते. रोजच्या कामात ते दगडी पाती वापरत आणि तांब्याचा उपयोग कुऱ्हाडी, गळ, मणी, बांगड्या अशा मोजक्या वस्तूंसाठी होई.

याच प्रवरा खोऱ्यातील दायमाबाद येथे १९७४ साली चार ओतीव वस्तू मिळाल्या. दोन बैलांचा रथ व सारथी, गेंडा, हत्ती आणि रेडा अशा या प्रतिमांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. त्यांच्या निश्चित काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात. एवढे धातुकाम एका ठिकाणी सापडणे ही त्या काळातील दख्खनच्या दृष्टीने असाधारण घटना आहे.

मिश्रधातू : कासे, पितळ आणि इतर

शुद्ध तांबे मऊ असते. त्यात दुसरा धातू मिसळल्यास ते कठीण होते आणि ओतण्यासही सोपे जाते.

तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाला कासे म्हणतात. शस्त्रे व मूर्ती यांसाठी कथिलाचे प्रमाण साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास ठेवले जाई. ताटवाट्या, टाळ आणि घंटा यांसाठीच्या काशात ते वीस टक्क्यांच्या पुढे जाते. अशा धातूला सुरेल नाद असतो, परंतु तो ठिसूळही असतो आणि पडल्यास तडकतो. वारकऱ्यांच्या हातातील टाळ, मंदिरातील घंटा आणि तळपायाला तेल वा तूप लावून घासण्याची काशाची वाटी ही या मिश्रधातूची महाराष्ट्रातील परिचित रूपे आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर मराठा मुलखात आलेल्या पोर्तुगीज घंटा भीमाशंकर, नाशिक व वाईजवळील मेणवली येथे आजही पाहावयास मिळतात. आसाममधील सार्थेबारी व ओडिशातील काही गावे काशाच्या भांड्यांसाठी ओळखली जातात. केरळमधील आरन्मुळा येथे तर तांबे-कथिलाच्या मिश्रधातूला झिलई देऊन आरसा तयार केला जातो.

तांबे आणि जस्त यांचे मिश्रण म्हणजे पितळ. पितळेचा इतिहास जस्ताच्या वेगळ्याच अडचणीशी निगडित आहे. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. त्याचे धातुक भट्टीत तापवले, तर धातू वाफ होऊन निसटतो आणि हवेत त्याची राख होते. त्यामुळे सुरुवातीला जस्ताचे धातुक तांब्यासोबत बंद मुशीत तापवूनच पितळ केले जाई. उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांनी मध्ययुगात यावर उपाय शोधला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशा उलट्या ठेवून जस्ताची वाफ खाली उतरवायची आणि थंड करून गोळा करायची, अशी ही पद्धत होती. तेथे अशा भट्ट्यांचे अवशेष १९८० च्या दशकात उत्खननात मिळाले. जस्त मोठ्या प्रमाणावर गाळणारे जगातील एक अग्रणी केंद्र म्हणून जावरची नोंद घेतली जाते.

जर्मन सिल्व्हर या नावात चांदी असली तरी त्या मिश्रधातूत ती नसते. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असतात. तांबे व निकेल यांचे मिश्रण समुद्राच्या पाण्यात टिकते, म्हणून ते जहाजांच्या नळ्यांसाठी वापरतात. दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याची पिवळसर बाहेरील कडा तांबे व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची आहे. बिदरच्या प्रसिद्ध बिदरी कामात मात्र जस्त प्रमुख असून तांबे अल्प असते. बिदरच्या किल्ल्यातील माती लावून तो धातू काळा केला जातो आणि त्यावर चांदीची नक्षी उठून दिसते.

मूर्ती घडवण्यासाठी मेणाचा साचा वितळवून ओतकाम करण्याची पद्धत भारतात प्राचीन आहे. तमिळनाडूतील स्वामिमलै येथील शिल्पी आणि बस्तरमधील ढोकरा कारागीर ती आजही वापरतात. बिहारमधील सुलतानगंज येथे १८६१ साली रेल्वेच्या कामात सापडलेली, पाचशे किलोंहून अधिक वजनाची बुद्धमूर्ती मुख्यतः तांब्याची आहे. ती सध्या इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे.

ताम्रपट आणि नाणी

राजाने दिलेले दान पिढ्यानपिढ्या टिकावे, यासाठी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून देण्याची प्रथा होती. तांबे वाळवी खात नाही, पावसाने भिजत नाही आणि त्यावर अक्षरे कोरणे सुलभ असते. मजकूर मोठा असल्यास अनेक पत्रे एका कडीत ओवून तिच्यावर राजमुद्रा बसवली जाई. राष्ट्रकूट, शिलाहार व यादव राजांच्या इतिहासाचा मोठा भाग अशा ताम्रपटांवरूनच जुळवता आला. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे मिळालेला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मराठी भाषेच्या जुन्या लेखांपैकी एक म्हणून महत्त्वाचा आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रे देण्यात आली, त्यामागे याच परंपरेचे स्मरण होते.

सामान्य माणसाच्या व्यवहारात तांब्याचे नाणे अधिक चाले. अकबराच्या काळी एका रुपयाला ४० तांब्याचे ‘दाम’ असा हिशेब होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची ‘शिवराई’ ही तांब्याचीच होती. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असत. हे नाणे इंग्रजी अमलातही लोकांच्या हाती खेळत राहिले. १९५७ साली दशमान पद्धत आली, तेव्हाचा पहिला ‘नया पैसा’ही तांबेप्रधान कासे वापरूनच पाडलेला होता.

तांबट, कासार आणि कल्हई

तांब्याची भांडी घडवणारा तो तांबट आणि पितळ-काशाच्या भांड्यांशी संबंधित तो कासार. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईपासून या कामासाठी प्रसिद्ध आहे. पत्रा तापवून मऊ करणे, ठोकून आकार देणे आणि शेवटी त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके उमटवणे, असा या कामाचा क्रम असतो. या ठोक्यांना मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेसाठी नसते, तर ठोक्यांनी पत्रा घट्ट व कडक होतो. हंडा, कळशी, घंगाळ, बंब, तपेले, पळी-पंचपात्री आणि ताम्हन ही तांबटाच्या हातची नेहमीची भांडी. नाशिकही तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. पंजाबमधील जंडियाला गुरू येथील ठठेरा कारागिरांच्या भांडी घडवण्याच्या कलेचा समावेश २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला.

पूजेत आणि पाण्यासाठी तांबे, परंतु स्वयंपाकासाठी कल्हई केलेले भांडे, हा भेद मराठी घरांत कटाक्षाने पाळला जाई. ताक, चिंच, आमसूल, लिंबू असे आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत ठेवले की आम्लामुळे धातू विरघळतो, चव बिघडते आणि पदार्थ हिरवट होतो. याला मराठीत ‘कळकणे’ असा नेमका शब्द आहे. कळकलेल्या अन्नाने मळमळ, ओकारी आणि पोटदुखी होते.

कल्हई म्हणजे भांड्याच्या आतून दिलेला कथिलाचा पातळ थर. कल्हईवाला प्रथम भांडे घासून लख्ख करतो आणि भात्याच्या भट्टीवर तापवतो. त्यावर नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो आणि पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर दूर होतो. कथील केवळ २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने त्याची कांडी तापल्या भांड्यावर टेकवताच पातळ होते. ते कापसाच्या बोळ्याने झपाट्याने सर्वत्र फिरवून भांडे पाण्यात बुडवले की चांदीसारखी झळाळी येते. हा थर वापराने झिजतो आणि आतून तांबूस वा पिवळा डाग दिसू लागला की पुन्हा कल्हई करावी लागते. कथिलात शिसे मिसळलेले असेल, तर मात्र कल्हईच अपायकारक ठरते.

आरोग्य : पाणी आणि दूध

तांबे शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे १०० मिलिग्रॅम असते आणि लोहाचे शोषण व रक्तनिर्मिती यांत त्याचा सहभाग असतो. खेकडे आणि कोळंबी यांच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे काम लोहाऐवजी तांबेच करते.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याच्या प्रथेला प्रयोगशाळेतून काही आधार मिळाला आहे. बंगळुरू येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवल्यावर पटकी, हगवण व अतिसाराचे जिवाणू जिवंत आढळले नाहीत. पाण्यात उतरलेले तांबे लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतही २००८ साली तांबेप्रधान मिश्रधातूंना जिवाणुनाशक पृष्ठभाग म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. मात्र गढूळ अथवा रसायनांनी दूषित झालेले पाणी तांब्याने शुद्ध होत नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

दुधाची गोष्ट निराळी आहे. विसाव्या शतकात भारतात सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या बालकांमध्ये यकृताचा एक घातक विकार आढळे. पोट फुगत जाई, यकृत कठीण होई आणि अनेक बालके काही महिन्यांत दगावत. एकाच घरातील अनेक भावंडे त्याला बळी पडल्याची उदाहरणे होती. वैद्यकशास्त्रात त्याला ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ म्हटले जाऊ लागले. या बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड वाढलेले असे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर आनंद पंडित व डॉक्टर शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी या विकाराचा पाठपुरावा केला. बालकांना वरचे दूध कोणत्या वयात सुरू झाले आणि ते कोणत्या भांड्यात तापवले व साठवले जाई, याची त्यांनी चौकशी केली. आजारी बालकांना अगदी लहान वयात कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांतील दूध मिळाल्याचे त्यांत वारंवार दिसून आले. दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला बांधून घेते. त्यामुळे त्याच भांड्यातील पाण्यापेक्षा दुधात तांबे कितीतरी अधिक उतरते आणि तान्ह्या बाळाचे यकृत ते बाहेर टाकण्यास समर्थ नसते. हे निष्कर्ष १९८३ व १९८७ साली प्रसिद्ध झाले.

आनुवंशिक प्रवृत्तीचाही या विकारात वाटा असावा, असे मत मांडले गेले आहे. तथापि स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघरी पोहोचली, भांड्यांविषयी मातांना सल्ला मिळू लागला आणि हा विकार झपाट्याने मागे हटला. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतातही अशाच विकाराने १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके दगावल्याचे आणि तांब्याची भांडी मागे पडताच तो नाहीसा झाल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

सध्या तांब्या-पितळेची भांडी पुन्हा लोकप्रिय होत असताना हा अनुभव विशेष महत्त्वाचा ठरतो. पाणी तांब्यात ठेवण्यास हरकत नसली, तरी दूध, ताक आणि आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत आणि तान्ह्या बाळाचे दूध तर कधीही तापवू नये. विल्सन रोगासारख्या, शरीरात तांबे साचवणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांनी तांब्याच्या भांड्यातील पाणीही टाळावे. आयुर्वेदातील ताम्रभस्म तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे.

मोरचूद आणि शेती

तांब्याच्या संयुगांत सर्वाधिक परिचित ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचे निळे स्फटिक तापवले की त्यांतील पाणी निघून जाते आणि पांढरी पूड उरते. पाण्याचा थेंब पडताच ती पुन्हा निळी होते. मोरचूद विषारी असल्याने मुलांपासून दूर ठेवावे लागते.

फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्यालगतच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. अशा वेलींवर केवडा रोग कमी पडतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांच्या ध्यानी आले. १८८५ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि बोर्डो मिश्रण जगभर पोहोचले. नाशिक व सांगलीच्या द्राक्षबागांत आणि कोकण-गोव्यातील सुपारीच्या बागांत ते वापरले जाते. एक टक्का तीव्रतेच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी घेतात. दोन्ही द्रावणे वेगवेगळी करून मग एकत्र करतात आणि त्यासाठी लोखंडी भांडे वापरत नाहीत. तयार मिश्रणात लोखंडी पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालतात. लोखंड द्रावणातील तांब्याची जागा घेते, या रासायनिक नियमावर ही परीक्षा आधारलेली आहे. वर्षानुवर्षे फवारणी केल्यास जमिनीत तांबे साचत जाते, म्हणून तिचे प्रमाण मर्यादित ठेवणे इष्ट ठरते.

आजची मागणी

जगातील तांब्याच्या वापरापैकी निम्म्याहून अधिक वापर विद्युत क्षेत्रात होतो. विजेवर चालणाऱ्या मोटारी, सौर व पवन ऊर्जा प्रकल्प आणि वीजवाहिन्या यांमुळे ही गरज वाढत आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत तांब्याचा समावेश आहे. उत्पादनात चिली हा देश जगात आघाडीवर आहे.

तमिळनाडूतील तुतिकोरिन येथील वर्षाला चार लाख टन क्षमतेचा तांबे शुद्धीकरण प्रकल्प २०१८ साली बंद करण्यात आला. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनावर त्या वर्षी मे महिन्यात झालेल्या पोलिस गोळीबारात १३ जणांचा मृत्यू झाला होता. प्रकल्प पुन्हा सुरू करण्यासाठी कंपनीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली फेटाळली. या बंदीनंतर शुद्ध तांब्याची निर्यात करणारा भारत आयातदार बनला. गुजरातमधील दहेज येथे तांबे शुद्ध करणारा मोठा प्रकल्प असून मुंद्रा येथे २०२४ साली नवा प्रकल्प सुरू झाला.

तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचे गुण कमी होत नाहीत. जगाच्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग जुन्या तांब्यातूनच भागवला जातो. जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेण्याची रीत भारतीय बाजारपेठेला नवीन नाही. आजीच्या बंबातील तांबे उद्या एखाद्या वीजवाहक तारेत असू शकते. मात्र जे भांडे मोडीत न जाता स्वयंपाकघरात परत येते, त्याच्यासोबत कल्हईचे आणि कळकण्याचे जुने ज्ञानही परत येणे गरजेचे आहे.